अकरा वाजून पाच मिनिटांनी

बदनापूरचे नाव मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या तोंडी येते ते बहुधा तुरीच्या निमित्ताने. ‘बीडीएन ७११’, ‘बीएसएमआर ७३६’, ‘बीएसएमआर ८५३’ हे वाण मृगाच्या आधी बियाण्यांच्या दुकानात नावानिशी मागितले जातात. ते तयार झाले जालना जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी, परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्रावर. मर आणि वांझ या तुरीच्या दोन जुन्या दुखण्यांना तोंड देणारे वाण काढायचे म्हणजे वर्षानुवर्षे वाफे मोजत बसावे लागते. कोणत्या वाफ्यात फुलोरा कितव्या दिवशी आला, झाडाला शेंगा किती, मर किती टक्के, उतारा किती. हे आकडे वहीत उतरतात आणि मग कुठेतरी पाठवावे लागतात.

हे प्रकरण त्या पाठवण्याविषयी आहे. वीस वाण, प्रत्येकाचे तीन वाफे, म्हणजे साठ वाफे. दर वाफ्याच्या दहा नोंदी धरल्या तर सहाशे आकडे, आणि आकड्यामागे सहा अक्षरे धरली तर एकूण ३,६०० अक्षरे. संगणकाला फोनलाइनवर बोलते करणारा १९९०च्या सुमाराचा साधा मोडेम सेकंदाला १,२०० बिट पाठवायचा. एका अक्षराला पुढच्या-मागच्या खुणांसकट दहा बिट लागत, म्हणून सेकंदाला १२० अक्षरे. आपला सगळा हंगाम तीस सेकंदांत परभणीला पोचला. बदनापूरच्या केंद्रावर तेव्हा असे यंत्र होते असा माझा दावा नाही. गणित मांडायला ओळखीचे गाव बरे, एवढेच.

तीस सेकंदांच्या कामाला वेळापत्रक कशाला हवे? लावावा फोन, द्यावे आकडे, ठेवावा. पण यंत्राला हे काम माणसाशिवाय, रोज, आपले आपण करायला सांगितले की लगेच चार प्रश्न उभे राहतात. फोन कोणी कोणाला लावायचा? किती वाजता? लाइन एंगेज लागली तर पुन्हा कधी? आणि अर्ध्यात तुटला तर? या चारही प्रश्नांची उत्तरे आधी लिहून ठेवल्याशिवाय यंत्र हातही हलवत नाही. इंटरनेट घरोघरी येण्याआधीची जवळजवळ वीस वर्षे जगातली बरीच संगणकी टपालसेवा अशा लिहून ठेवलेल्या उत्तरांवर चालली, आणि त्यातले निम्मे शहाणपण टेलिफोनच्या बिलातून आलेले होते.

पहिली अट अगदी प्राथमिक. यंत्राला नंबर फिरवता आला पाहिजे, आणि फिरवलेला नंबर थेट लागला पाहिजे. भारतात एसटीडी सुरू झाली १९६० साली, लखनौ आणि कानपूर यांच्यामध्ये. त्याआधी, आणि बहुतेक गावांत त्यानंतरही कितीतरी वर्षे, परगावचा फोन म्हणजे ट्रंक कॉल. ऑपरेटरला नंबर द्यायचा, ‘ऑर्डिनरी’ की ‘अर्जंट’ ते सांगायचे आणि घंटी वाजायची वाट बघत बसायचे. ऑपरेटरशी हुज्जत घालणे यंत्राला जमण्यासारखे नव्हते. म्हणून आपोआप फाइल पाठवण्याची गोष्ट खेड्यापर्यंत यायला आधी आपोआप चालणारे एक्स्चेंज यावे लागले. सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने १२८ लाइनींचे छोटे ग्रामीण एक्स्चेंज बनवले. वातानुकूलन नसले तरी चालणारे. त्यातले पहिले १९८६ साली कर्नाटकातल्या कित्तूरला बसले. पाठोपाठ पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले आणि रात्री अकराची रांगही आली.

ती रांग आठवणारे वाचक अजून बरेच असतील. एसटीडीचे बिल पल्सवर होई. अंतर जितके लांब तितका मीटर भराभर पुढे सरके. दिवसा पूर्ण दर, संध्याकाळनंतर टप्प्याटप्प्याने उतरता आणि रात्री अकरानंतर पाव. मुंबईला नोकरीला असलेल्या मुलाशी बोलायचे तर आई-वडील साडेदहालाच बूथवर येऊन बसत आणि अकराचा ठोका पडला की एकेक जण काचेच्या खोक्यात शिरे. लाइनी मोजक्या असल्याने अकरा ते साडेअकरा फोन लागणे सर्वांत कठीण. दर खाली आला की गर्दी वर जाते. पुढे संगणकांनाही याच नियमाने गाठले.

आता तो प्रोग्राम. युनिक्स ही संगणकप्रणाली जिथे जन्मली त्या अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये माइक लेस्क यांनी १९७०च्या दशकात ‘यूयूसीपी’ लिहिला. एका युनिक्स यंत्रावरून दुसऱ्यावर फाइल नकलून न्यायची, बस. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर तो सगळीकडे गेला. पत्रे, बातम्या, फाइली, दूरच्या यंत्रावर चालवायच्या आज्ञा, सगळे आधी आपल्याच डिस्कवरच्या एका फोल्डरात साठत राही. फोन लागला की गठ्ठ्याने रवाना. पत्र लिहिणारा ‘पाठवा’ म्हणून निघून जाई, पण पत्र जागेवरच असे.

मुंबईत या टपालाचे काम जुहूला सुरू झाले. नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, ही संस्था १९८५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या (टीआयएफआर) एका केंद्रातून उभी राहिली, श्रीनिवासन रमणी यांच्या नेतृत्वाखाली. पुढच्याच वर्षी केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘अर्नेट’ हा शिक्षण-संशोधन संस्थांना संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प सुरू केला. त्यात एनसीएसटी, पाच आयआयटी, बंगळूरची आयआयएस्सी आणि खुद्द विभाग असे आठ जण. सुरुवातीची ई-मेल जुहू आणि पवईची आयआयटी यांच्यात डायल-अपवर फिरली. मला ही जोडी फार व्यवहारी वाटते. दोन्ही टोके मुंबईच्याच टेलिफोनवर, म्हणजे चुकलेल्या प्रयत्नांचे पैसे स्थानिक कॉलचे. दिल्लीला लावून असले प्रयोग करायचे तर लेखा विभागाने पहिल्याच महिन्यात चष्मा कपाळावर चढवला असता.

अर्नेटने पहिली सेवा दिली ती यूयूसीपी टपालाचीच. दिल्ली-मुंबई ९.६ किलोबिटची कायमची लाइन बसली जानेवारी १९९१ मध्ये, आणि जुहूहून अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या यूयूनेट कंपनीला ६४ किलोबिटचा दुवा १९९२ साली. तोवर देशातले कितीतरी संशोधक ज्याला ई-मेल म्हणत ती फोनच्या वेळापत्रकावर चालणारी डाक होती. एनसीएसटीच्या यंत्राचे नाव ‘शक्ती’, दिल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाचे ‘विक्रम’. पत्त्यात ही नावे वाटेवरच्या स्थानकांसारखी एकामागून एक लिहायची, मध्ये उद्गारचिन्ह. पत्र कोणाकडून कोणाकडे जाणार ही वाट पाठवणाऱ्यानेच सांगायची. आज कोणाला सांगून खरे वाटत नाही.

वेळापत्रक लिहायची जागा एक साधी मजकुराची फाइल होती. प्रत्येक ओळीत एक शेजारी: त्याचे नाव, त्याला कधी फोन करायचा, कोणता मोडेम, किती वेग, नंबर आणि आत शिरायचा परवलीचा शब्द. ‘कधी’ या रकान्यात ‘केव्हाही’ किंवा ‘कधीच नाही’ असे लिहिता येई, किंवा वार आणि तास. इयान लान्स टेलर यांनी लिहिलेल्या यूयूसीपीच्या लोकप्रिय आवृत्तीच्या माहितीपत्रकात अमेरिकेतल्या रात्रीच्या स्वस्त दरासाठी ओळ दिली आहे ती अशी: सोमवार ते शुक्रवार २३०५ ते ०८५५, शनिवारी दिवसभर, रविवारी २३०५ ते १६५५.

२३०० का नाही? कारणही तिथेच दिलेले आहे. यंत्राचे घड्याळ पाच मिनिटे पुढे असले तरी कॉल स्वस्त दरातच पडावा म्हणून. पैसे मोजणारे घड्याळ टेलिफोन खात्याचे. तुमच्या टेबलावरच्या पेटीतले घड्याळ काय दाखवते याच्याशी त्याला देणेघेणे नाही. त्या काळचे पीसीचे घड्याळ महिन्याला काही मिनिटे इकडेतिकडे सहज जाई आणि ते दुरुस्त करायला इंटरनेट नव्हते. कोणीतरी रेडिओवरच्या बातम्यांच्या ठोक्याला जुळवायचे. सकाळची वेळही त्याच हिशेबाने पाच मिनिटे आधी संपते.

अशा ओळींत आणखी एक खुबी आहे. ‘सोमवार २३०५ ते ०७५५’ असे लिहिले तर आपण समजतो सोमवारी रात्री अकरापासून मंगळवारी सकाळी आठपर्यंत. यंत्र समजते सोमवारचा पहाटेचा भाग आणि सोमवारचा रात्रीचा भाग. त्याचा वार मध्यरात्रीला बदलतो. आपल्याकडे पंचांगातला वार सूर्योदयाला बदलतो आणि रात्री एक वाजता जेवायला बसलेला माणूसही ‘आज’ म्हणतो ते आदल्या दिवसाला. नुसता एकच वार लिहून दिला की सोमवारी रात्री बारा वाजून एक मिनिटाला गठ्ठा अडकलाच.

या प्रोग्रामात ‘संध्याकाळ’, ‘रात्र’ असे तयार शब्दही होते. संध्याकाळ म्हणजे पाच वाजून पाच मिनिटांपासून, रात्र म्हणजे अकरा-पाचपासून. हे सगळे अमेरिकेच्या टेलिफोन दराचे तास, सॉफ्टवेअरमध्ये गोठलेले. अकराचा आकडा योगायोगाने आपल्याशी जुळला. पण भारतात कोणी भाबडेपणाने ‘संध्याकाळ’ लिहिले असते तर पाच वाजता, ऐन पूर्ण दरात, यंत्र आनंदाने एसटीडी लावत बसले असते. म्हणून इथे आकडे हातानेच लिहायचे, किंवा आपली वेगळी वेळ आपल्या नावाने नोंदवायची. तशी सोय होती.

वेळ झाली, आता प्रत्यक्ष कॉल कसा होतो ते जवळून पाहू. यंत्र मोडेमला आकडे देते. जुन्या खटखट चालणाऱ्या एक्स्चेंजवर असाल तर ‘टोन नको, पल्सने फिरव’ असे सांगावे लागे. कार्यालयाच्या बोर्डातून बाहेर पडायला आधी शून्य, मग स्वल्पविराम. स्वल्पविराम म्हणजे दोन सेकंद थांब, बाहेरची लाइन मिळू दे. पलीकडून मोडेमची शिट्टी, दोघांचा गळा जुळेपर्यंत काही सेकंद खरखर. मग आपले यंत्र ‘लॉगिन’ हा शब्द येण्याची वाट पाहते, आला की नाव देते. ‘पासवर्ड’ येण्याची वाट पाहते, आला की शब्द देते. नाही आला तर रिकामी ओळ पाठवून पुन्हा डिवचते. हा सारा संवाद आधी लिहून दिलेला असतो, वाट पाहा आणि बोला, वाट पाहा आणि बोला. नंतर पलीकडचे यंत्र ‘हा मी इथे’ अशा अर्थाची खूण देते आणि कामाला सुरुवात होते.

फोन करणारा आधी बोलतो. फाइली ६४-६४ अक्षरांच्या पुड्यांत जातात. प्रत्येक पुडीवर बेरजेचा आकडा. चुकली तर तीच पुन्हा. पावसाळ्यात लाइनीवर खरखर वाढली की पुन्हा पाठवायच्या पुड्या वाढत आणि तीस सेकंदांचे काम दोन मिनिटांवर जाई. आपले संपले की आपले यंत्र विचारते, ‘ठेवू का?’ पलीकडच्याकडे काही नसेल तर ‘ठेव’. असेल तर ‘नको’, आणि तिथून भूमिका उलटतात. आता तो पाठवणार, आपण घेणार. त्याचे संपले की तो विचारतो, ‘ठेवू का?’ एका फोनमध्ये दोन्हीकडचे टपाल. बिल मात्र ज्याने लावला त्याचे.

म्हणूनच दोघांनीही एकमेकांना फोन करायची गरज नसते. उलट ती आफत. बदनापूर आणि परभणी दोघांनी बरोबर २३०५ ला एकमेकांचा नंबर फिरवला तर दोघांनाही एंगेज. दोघेही शहाण्यासारखे दहा मिनिटे थांबले आणि २३१५ ला पुन्हा फिरवले, पुन्हा एंगेज. वर्षानुवर्षे एकेरी राहिलेल्या मनमाड-परभणी लोहमार्गावर क्रॉसिंगला एक गाडी बदनापूरच्या स्थानकात उभी करतात आणि दुसरी सोडतात, तसे इथेही आधीच ठरवावे लागते की उभे कोणी राहायचे. त्याच्या फाइलीत ‘कधीच नाही’ लिहायचे. म्हणजे टपाल साठव, पण फोन आपणहून लावू नको, येईल तेव्हा दे. कधी थोरला फोन लावतो आणि धाकटे वाट पाहतात. कधी धाकट्यांच्या माथी बिल मारले जाते. संस्थांमधले मोठेपण किती आहे ते या एका रकान्यावरून कळायचे.

फोन लागला नाही तर काय, हा सर्वांत नाजूक भाग. लगेच पुन्हा, लगेच पुन्हा असे करणारे यंत्र दुसऱ्यांचीही लाइन अडवते. म्हणून पहिल्या अपयशानंतर काही मिनिटे थांबायचे, दुसऱ्यानंतर त्याहून जास्त, मग त्याहूनही जास्त. टेलर यांच्या आवृत्तीत लागोपाठ २६ वेळा फसले की यंत्र हात टेकते आणि माणसाने लक्ष घालेपर्यंत त्या शेजाऱ्याचे नाव घेत नाही. या वाढत्या थांब्याला रात्रीच्या चौकटीची जोड दिली की भानगड होते. थांबे लांबत जातात, रात्र सरते, खिडकी बंद होते आणि पत्र उद्यावर जाते. एका प्रचलित आवृत्तीत साफसफाईचा वेगळा प्रोग्राम होता. पत्र एक दिवस पडून राहिले तर तो लिहिणाऱ्याला ‘अजून गेलेले नाही’ असे कळवी, आणि सात दिवसांनी परत करी.

मधले मुक्काम वाढले की वेळापत्रके एकमेकांशी जुळवावी लागतात. बदनापूर परभणीला २३०५ ला लावते, परभणी मुंबईला २३१० ला. एखाद्या रात्री बदनापूरचा पहिला प्रयत्न फसला आणि पत्र परभणीला पोचले २३१७ ला. मुंबईचा गठ्ठा सात मिनिटांपूर्वी निघून गेलेला. आता ते परभणीला चोवीस तास बसणार. फोनचे पैसे वाचवण्यासाठी नेमलेली वेळ पत्राचा पुरा एक दिवस खाऊन जाते, आणि असे तीन मुक्काम असतील तर तीन दिवस. उपाय साधा आहे, आणि त्याला अक्कल लागते ती गणिताची नव्हे, शेजाऱ्याशी बोलण्याची. परभणीने एक फोन साडेअकराला करावा आणि एक पहाटे पाचला. दुसऱ्या फोनचे पैसे उशिरा आलेल्यांसाठी.

सगळे टपाल सारख्या घाईचे नसते. म्हणून प्रत्येक कामाला एक अक्षरी दर्जा दिलेला असे. आधी आकडे, मग मोठी अक्षरे, मग लहान. पत्रांना रूढीने मोठा ‘सी’, यूजनेट या चर्चांच्या जाळ्यावरच्या बातम्यांना लहान ‘डी’. वेळेच्या रकान्यात दर्जाही लिहिता येई: दिवसा फक्त ‘सी’ आणि त्यावरचे, रात्री सगळे. फाइलीच्या आकाराचीही अट घालता येई, दुपारी इतक्या बाइटपेक्षा मोठी नको म्हणून. आपल्या केंद्रापुरते बोलायचे तर ‘वाफा १४ मध्ये मर दिसते आहे, कोणाला तरी पाठवा’ हे पत्र दुपारी बाराला, पूर्ण दरातही जावे. हंगामाचे सहाशे आकडे रात्री. माझ्या मते वेळापत्रकातली खरी हुशारी या अक्षरात होती. दराचे तास कोणीही लिहू शकतो. काय थांबू शकते हे ठरवायला काम कळावे लागते.

अमेरिकेतल्या टॉम जेनिंग्ज यांनी १९८४ साली सुरू केलेल्या ‘फिडोनेट’ने दुसरीच वाट काढली. हे हौशी लोकांचे जाळे. घरच्या पीसीला एक फोनलाइन जोडलेली, दिवसभर त्यावर लोक येऊन गप्पा मारणार, निरोप ठेवणार. यंत्रांनी एकमेकांना गाठायचे तर लाइन मोकळी कधी? म्हणून त्यांनी सगळ्यांसाठी एक तास बांधून घेतला. त्या तासात माणसांना मज्जाव, फक्त टपाल. खंडागणिक तास वेगळा. आशियाच्या सहाव्या विभागाचा तास आपल्या घड्याळाने रात्री दीड ते अडीच. सदस्यत्वाची अटच ही, की तुझे यंत्र बाकी वेळ बंद असेना का, त्या तासाला फोन उचलला गेला पाहिजे. पाव दराची सोय आणि भेटीची खात्री एकाच नियमात. मला हा नियम यूयूसीपीच्या सगळ्या रकान्यांपेक्षा देखणा वाटतो. त्याची किंमत अशी की ठरल्या तासाला प्रत्येक मोठ्या केंद्राची लाइन एंगेज.

आता वीज. युनिक्समध्ये ठरलेल्या वेळी ठरलेले काम सुरू करणाऱ्या प्रोग्रामाला ‘क्रॉन’ म्हणतात. तो दर मिनिटाला उठून यादी बघतो. ‘२३०५ ला परभणी’ असे असेल आणि घड्याळात २३०५ असेल तर फोन लावतो. पण २३०५ ला यंत्रच बंद असेल तर? २३२० ला वीज आली, यंत्र उठले, क्रॉनने यादी पाहिली. २३०५ होऊन गेले, त्याला त्याचे सुखदुःख नाही. उद्या बघू. चोवीस तास अखंड वीज गृहीत धरणाऱ्या देशातला हा प्रोग्राम मराठवाड्यातल्या भारनियमनात कसा वागेल हे सांगायला नको. पुढे ‘अनाक्रॉन’ आला. तो वेळ विचारत नाही, शेवटचे काम होऊन किती दिवस झाले ते विचारतो आणि चुकलेले उरकून घेतो. डायल-अपच्या दिवसांत जाणते लोक एक फोन २३०५ ला लावण्याऐवजी अकरा ते सहाच्या दरम्यान दर तासाला ‘काही साठले असेल तर लाव’ असे लिहीत. भारनियमनाच्या गावात तेच शहाणपण.

टेलिफोनवरची ही रात्रपाळी नंतर दुकानांत गेली. कार्ड घासायच्या यंत्राची मागची वायर वर्षानुवर्षे फोनच्या खोक्यात असे. प्रत्येक कार्डाला मंजुरीचा छोटा कॉल आणि रात्री दुकान बंद होताना दिवसभराच्या व्यवहारांचे ‘सेटलमेंट’, म्हणजे सगळा गठ्ठा बँकेकडे. ते विसरले तर पैसे खात्यात उशिरा येत, म्हणून यंत्रालाच वेळ लावून देण्याची सोय होती. २००५ मध्ये बीएसएनएलचे डेटावन ब्रॉडबँड आले तेव्हा फोन लावण्याचा प्रश्न संपला, वेळेचा नाही. पाचशे रुपयांच्या प्लॅनमध्ये दिवसाचा डेटा मोजून, रात्री दोन ते आठ अमर्याद. किती घरांत मुले डाउनलोडला वेळ लावून झोपत. मुरलेले लोक दोनच्या ठोक्याला नव्हे, काही मिनिटे उशिरा सुरू करत आणि आठच्या आधी थांबवत. मोजणारे घड्याळ आपले नाही हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. मार्च २००६ मध्ये ‘वन इंडिया’ योजनेत देशभर मिनिटाला एका रुपयात कॉल झाला आणि बूथवरची अकराची रांग कायमची मोडली.

हवामान खात्याच्या स्वयंचलित केंद्रांनी फोन टाळून उपग्रह वापरला, आणि तिथे हा प्रश्न आणखी उघडा पडतो, कारण एकाच लहरीवर शेकडो केंद्रांना बोलायचे असते. एक पद्धत अशी, की प्रत्येक केंद्राला तासातला आपला क्षण नेमून द्यायचा, जीपीएसच्या घड्याळावर, आणि त्याने तेवढ्यातच बोलायचे. दुसरी पद्धत त्याच्या उलट. नेमानेम काही नाही. प्रत्येक केंद्राने तीच नोंद तासातून दोन-तीनदा, मनमानी क्षणी पाठवायची. दोघांचे एकाच क्षणी पडले तर वाया, पण तिन्ही वेळा टक्कर होण्याची शक्यता कमी. पहिलीला चोख घड्याळ लागते, दुसरीला लागते फक्त पुन्हा पुन्हा सांगण्याची तयारी. भारतात दोन्ही वापरल्या गेल्या आणि संदेश उतरवून घेणारे केंद्र आहे पुण्याला.

‘सगळे एकाच क्षणी’ हा रोग टेलिफोनपुरता नव्हता हे बदनापूरच्या कोणत्याही शिवारात दिसते. शेतीपंपाची थ्री-फेज वीज पाळीने येते, काही आठवडे दिवसा, काही रात्री. रात्री उठून मोटर कोण चालू करणार? म्हणून स्टार्टरला ऑटोस्विच. वीज आली की मोटर आपोआप चालू. हेही वेळापत्रकच, फक्त घड्याळाऐवजी वीज येण्याच्या घटनेला बांधलेले, अनाक्रॉनच्या जातीचे. पुढे मोबाइल स्टार्टर आले. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचा ‘नॅनो गणेश’ हा त्यातला नावाजलेला. घरातून फोन लावून मोटर चालू-बंद करायची. बऱ्याच मोबाइल स्टार्टरांत उलटीही सोय असते, वीज आली की यंत्रच शेतकऱ्याला फोन किंवा मेसेज करते. संगणकाने रात्री अकराला लावलेला फोन शेवटी विहिरीवरून येऊ लागला तो असा.

पण एका डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, पंधरा-वीस मोटरी आणि सगळ्यांना ऑटोस्विच असतील, तर वीज येताच त्या एकदमच सुरू होतात. सुरू होतानाचा मोटरीचा ओढा चालतानाच्या कितीतरी पट. दाब कोसळतो, फ्यूज जातो, कधी रोहित्रच जळते आणि मग ऐन रब्बीत दुसरे मिळेपर्यंत सगळे शिवार कोरडे. म्हणून महावितरण वर्षानुवर्षे आवाहन करते आहे, ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा. शेतकरी ते काढत नाहीत, आणि रात्री दोन वाजता बिबट्या-सापांच्या वाटेने विहिरीवर जायचे नसेल तर का काढावेत? काही ऑटोस्विचवर उशिराची सोय असते. वीज आल्यावर मोटर किती सेकंदांनी सुरू व्हावी तो आकडा आपण लावायचा. एका डीपीवरच्या लोकांनी बसून ते वाटून घेतले, कोणी तीस सेकंद, कोणी एक मिनिट, कोणी दोन, तर रोहित्राला पुष्कळ उसंत मिळेल. कंपनीतून आलेला आकडा सगळ्यांनी तसाच ठेवला, तर सगळ्या मोटरी तेवढ्याच सेकंदांनी उशिरा, पुन्हा एकदमच सुरू होतात.